अलेक्झांडर स्कॉटलंड

लेफ्टनंट कर्नल अलेक्झांडर पॅटरसन स्कॉटलंड (१५ जुलै, १८८२ – ३ जुलै, १९६५) हे ब्रिटिश लष्करातील गुप्तवार्ता अधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर काही वर्षे लंडनच्या केन्सिंग्टन भागात चालवल्या गेलेल्या 'लंडन केज' (लंडनचा पिंजरा) या गुप्त चौकशी केंद्राचे ते प्रमुख होते. १९४० ते १९४८ या काळात या केंद्रातून साडेतीन हजारांहून अधिक युद्धकैदी गेले. ल पॅरादी येथील कैद्यांचे हत्याकांड, सागान येथील छावणीतून पळालेल्या ५० वैमानिकांची हत्या अशा अनेक युद्धगुन्ह्यांचा छडा लावण्यात स्कॉटलंड यांचा मोठा वाटा होता. मात्र त्याच केंद्रात कैद्यांचा छळ होत असे, असे आरोप त्यांच्या हयातीतच झाले आणि पुढे सरकारी कागदपत्रे खुली झाल्यावर त्या आरोपांना बळ मिळाले. त्यामुळे युद्धगुन्हेगारांना शिक्षा मिळवून देणारा अधिकारी आणि युद्धकैद्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मोडणारा अधिकारी अशा दोन्ही नात्यांनी इतिहासात त्यांची नोंद होते.

सुरुवातीचे जीवन

स्कॉटलंड यांचा जन्म इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे आईवडील मूळचे स्कॉटलंडमधील पर्थशायरचे होते. वडील रेल्वेत अभियंता होते. अलेक्झांडर यांचे औपचारिक शिक्षण फार झाले नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी लंडनमधील मिन्सिंग लेन या चहाच्या बाजारपेठेत एका व्यापाऱ्याकडे हरकाम्या म्हणून नोकरी धरली. काही काळ ते ऑस्ट्रेलियालाही जाऊन आले. परतल्यावर त्यांनी किराणा मालाच्या व्यापारात काम केले.

दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू असताना सैन्यात भरती होण्याच्या इच्छेने ते तिकडे निघाले, परंतु ते पोहोचेपर्यंत युद्ध संपले होते. सैनिक होण्याची संधी हुकली, तरी आफ्रिकेतील पुढील वर्षांनीच त्यांच्या आयुष्याला वळण दिले.

जर्मन नैऋत्य आफ्रिका

ऑरेंज नदीच्या काठी, ब्रिटिश आणि जर्मन प्रदेशांच्या सीमेवर रामन्सड्रिफ्ट नावाचे ठाणे होते. तेथे एका व्यापारी कंपनीच्या शाखेचे काम स्कॉटलंड यांच्याकडे आले. नदीपलीकडचा प्रदेश, म्हणजे आजचा नामिबिया, त्या वेळी जर्मन नैऋत्य आफ्रिका या नावाने जर्मनीच्या ताब्यात होता. १९०४ साली तेथील हेरेरो आणि त्यापाठोपाठ नामा लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. हा उठाव जर्मन सैन्याने अत्यंत क्रूरपणे मोडून काढला. हजारो लोक वाळवंटात आणि कैद्यांच्या छावण्यांमध्ये मरण पावले. विसाव्या शतकातील पहिला वंशसंहार म्हणून या घटनांचा उल्लेख केला जातो.

या मोहिमेवरील जर्मन फौजेला अन्नधान्य पुरवण्याचे काम स्कॉटलंड करीत. पुरवठा सुरळीत चालावा म्हणून जर्मनांनी त्यांना आपल्या वसाहती सैन्यात, म्हणजे 'शुट्झट्रुपे'मध्ये सामील करून घेतले. जर्मन लोक त्यांना 'शॉटलांड' या नावाने ओळखू लागले. या काळात ते अस्खलित जर्मन शिकले आणि स्थानिक नामा भाषाही त्यांना अवगत झाली. जर्मन सैन्याची शिस्त, हुद्द्यांची उतरंड, अधिकाऱ्यांची बोलण्याची व विचार करण्याची पद्धत हे सर्व त्यांनी आतून पाहिले. त्याच वेळी जर्मनांच्या हालचालींची माहिती ते ब्रिटिशांनाही पुरवीत असत. १९०७ साली उठाव शमल्यानंतरही ते त्याच वसाहतीत व्यापार करीत राहिले.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनांनी त्यांना हेरगिरीच्या संशयावरून अटक केली आणि विंडहूकच्या तुरुंगात ठेवले. तेथे त्यांची वारंवार चौकशी झाली. सुमारे अकरा महिने ते कैदेत होते. १९१५ साली दक्षिण आफ्रिकेच्या फौजांनी ती वसाहत जिंकल्यावर त्यांची सुटका झाली. कैद्याच्या बाजूने चौकशी अनुभवण्याचा हा प्रसंग त्यांच्या पुढील कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. चौकशी करणारा माणूस कशाने फसतो आणि कैद्याचा धीर कशाने खचतो, हे आपल्याला तेथे समजले, असे त्यांनी पुढे आत्मकथनात मांडले आहे.

पहिले महायुद्ध आणि त्यानंतरचा काळ

इंग्लंडला परतल्यावर स्कॉटलंड ब्रिटिश सैन्यात अधिकारी झाले आणि त्यांची नेमणूक गुप्तवार्ता विभागात झाली. फ्रान्समधील आघाडीवर पकडलेल्या जर्मन सैनिकांची चौकशी करणे हे त्यांचे मुख्य काम होते. शत्रूची भाषा जाणणारे अधिकारी इतरही होते, परंतु शत्रूच्या सैन्यात प्रत्यक्ष काम केलेला अधिकारी विरळाच होता. या कामगिरीबद्दल १९१९ साली त्यांना ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर (ओ.बी.ई.) हा किताब देण्यात आला.

युद्धानंतर ते पुन्हा व्यवसायाकडे वळले. काही वर्षे ते दक्षिण अमेरिकेत होते. १९३० च्या दशकात त्यांनी जर्मनीलाही भेटी दिल्या. १९३७ साली म्युनिकमध्ये आपली अडोल्फ हिटलरशी भेट झाली होती, असे त्यांनी आपल्या आत्मकथनात म्हटले आहे.

लंडन केजची स्थापना

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा स्कॉटलंड सत्तावन्न वर्षांचे होते. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील वय असूनही लष्कराने त्यांना परत बोलावले. १९४० साली युद्धकैद्यांची चौकशी करणाऱ्या विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. हा विभाग पुढे एम.आय. १९ या लष्करी गुप्तवार्ता शाखेच्या अखत्यारीत काम करू लागला.

ब्रिटनमध्ये येणाऱ्या युद्धकैद्यांची प्राथमिक चौकशी करण्यासाठी देशभर 'केज' म्हणजे पिंजरे या नावाने ओळखली जाणारी केंद्रे उघडण्यात आली. त्यासाठी मिळेल ती मोकळी जागा वापरली गेली. केम्प्टन पार्क, लिंगफील्ड आणि डॉनकास्टर येथील घोड्यांच्या शर्यतींची मैदाने तसेच प्रेस्टन येथील फुटबॉलचे मैदान यांचा उपयोग या कामी झाला. ज्यांच्याकडे अधिक महत्त्वाची माहिती असण्याची शक्यता होती, अशा कैद्यांना तेथून पुढे पाठवले जाई.

लंडन केज हे या साखळीतील मुख्य केंद्र होते. ते केन्सिंग्टन पॅलेस गार्डन्स या रस्त्यावरील ६, ७ आणि ८ क्रमांकांच्या वाड्यांमध्ये थाटण्यात आले. हा लंडनमधील सर्वांत श्रीमंत वस्त्यांपैकी एक भाग होता. शेजारीच केन्सिंग्टन राजवाडा असून रस्त्यावर धनिकांचे प्रासाद आणि परदेशी वकिलाती होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला येथे कैद्यांचे केंद्र असेल अशी शंकाही येऊ नये, अशी ही जागा होती.

केंद्रात एका वेळी सुमारे ६० कैदी ठेवण्याची सोय होती. चौकशीसाठी पाच खोल्या होत्या. स्कॉटलंड यांच्या हाताखाली सुमारे दहा अधिकारी आणि डझनभर कनिष्ठ हुद्द्यांचे लोक चौकशीचे व दुभाष्याचे काम करीत. पहाऱ्यासाठी उंच आणि धिप्पाड सैनिक निवडले जात.

चौकशीची पद्धत

१९२९ च्या जिनिव्हा करारावर ब्रिटन आणि जर्मनी या दोन्ही देशांनी सह्या केल्या होत्या. या करारानुसार युद्धकैद्याने आपले नाव आणि हुद्दा किंवा सैनिक क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक होते. त्यापलीकडची माहिती काढण्यासाठी त्याच्यावर कोणताही दबाव आणण्यास आणि उत्तर न दिल्याबद्दल त्याला धमकावण्यास वा त्रास देण्यास मनाई होती.

हा नियम न मोडता माहिती कशी मिळवावी, याचे वेगवेगळे मार्ग ब्रिटिश गुप्तवार्ता विभागांनी शोधले होते. टॉमस केंड्रिक यांच्या नेतृत्वाखालील केंद्राने ट्रेंट पार्क, लॅटिमर हाउस आणि विल्टन पार्क येथील वाड्यांमध्ये भिंतींत व दिव्यांत ध्वनिग्राहक लपवले होते. तेथे जर्मन सेनानींना आरामात ठेवले जाई आणि त्यांच्या आपसांतील गप्पा शेजारच्या इमारतीत बसलेले लोक ऐकून टिपून ठेवीत. ऐकणाऱ्यांमध्ये नाझी राजवटीतून पळून आलेले अनेक ज्यू निर्वासित होते. या मार्गाने जर्मनांच्या क्षेपणास्त्रांविषयी मोलाची माहिती हाती लागली. शत्रूच्या हेरांसाठी लॅचमियर हाउस येथे एम.आय. ५ चे 'कॅम्प ०२०' हे केंद्र होते. त्याचे प्रमुख रॉबिन स्टीव्हन्स कठोर स्वभावाचे म्हणून प्रसिद्ध होते, पण मारहाण केल्यास कैदी वाटेल ते खोटे सांगतो, या कारणास्तव त्यांनी तेथे शारीरिक बळाचा वापर निषिद्ध ठरवला होता.

स्कॉटलंड यांची पद्धत याहून वेगळी होती. जर्मन सैनिक अधिकाराच्या आवाजाला वश होतो, अशी त्यांची धारणा होती. ते कैद्याशी अस्खलित जर्मनमध्ये, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या थाटात बोलत. त्याच्या तुकडीची, तिच्या अधिकाऱ्यांची आणि हालचालींची बारीकसारीक माहिती आधीच गोळा करून ते समोर मांडत. सर्व काही ठाऊकच आहे, आता लपवून उपयोग नाही, अशी कैद्याची समजूत झाली की तो बोलू लागे.

मात्र त्यांचे प्रयत्न केवळ बोलण्यापुरते मर्यादित नव्हते, हे दाखवणारा एक प्रसंग युद्धाच्या पहिल्याच वर्षांतील आहे. सप्टेंबर १९४० मध्ये वुल्फ श्मिट हा जर्मन हेर हवाई छत्रीने इंग्लंडमध्ये उतरला आणि पकडला गेला. त्याला कॅम्प ०२० मध्ये ठेवले असताना स्कॉटलंड यांनी त्याच्या कोठडीत शिरून त्याला मारहाण केली. हा प्रकार थांबवण्यात आला. त्यानंतर स्कॉटलंड कैद्याला बोलते करणारे औषध भरलेली सुई घेऊन तेथे आले, परंतु त्यांना भेट नाकारण्यात आली. एम.आय. ५ मधील वरिष्ठ अधिकारी गाय लिडेल यांनी आपल्या रोजनिशीत या प्रसंगाची नोंद केली असून अशा पद्धती केवळ अनुचितच नव्हे तर दीर्घकाळात निरुपयोगीही आहेत, असे मत त्यांनी नोंदवले आहे. हाच श्मिट पुढे 'टेट' या टोपणनावाने ब्रिटिशांचा दुहेरी हेर बनला आणि युद्धाच्या अखेरपर्यंत जर्मनांना खोटी माहिती पाठवीत राहिला.

युद्धगुन्ह्यांचा तपास

१९४५ साली युरोपातील युद्ध संपल्यावर लंडन केजच्या कामाचे स्वरूप बदलले. लष्करी माहितीऐवजी आता युद्धगुन्ह्यांचे पुरावे गोळा करायचे होते. केंद्रातून गेलेल्या एकूण ३,५७३ कैद्यांपैकी एक हजाराहून अधिक जणांनी युद्धगुन्ह्यांसंबंधी लेखी जबाब दिले.

यांतील एक आरंभीचे प्रकरण ब्रिटनमध्येच घडले होते. डिसेंबर १९४४ मध्ये स्कॉटलंडमधील कॉम्री गावाजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत वुल्फगांग रोस्टर्ग या जर्मन कैद्याला त्याच्याच सहकैद्यांनी फितुरीच्या संशयावरून मारहाण करून फासावर लटकवले. रोस्टर्ग नाझीविरोधी होता. लंडन केजमधील चौकशीनंतर आरोपींवर लष्करी न्यायालयात खटला चालला. ६ ऑक्टोबर, १९४५ रोजी पाच जणांना पेंटनव्हिल तुरुंगात फाशी देण्यात आली.

सागान प्रकरणाने ब्रिटिश जनमत सर्वाधिक हेलावले होते. मार्च १९४४ मध्ये 'श्टालाग लुफ्ट ३' या छावणीतून भुयार खणून दोस्त राष्ट्रांचे ७६ वैमानिक निसटले. त्यांपैकी ७३ पुन्हा पकडले गेले आणि हिटलरच्या आदेशावरून ५० जणांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. शाही हवाई दलाच्या तपास पथकाने जर्मनीभर शोध घेऊन गेस्टापोच्या संशयितांना पकडले. त्यांपैकी अनेकांना चौकशीसाठी लंडन केजमध्ये आणण्यात आले. १९४७ साली हॅम्बुर्गमध्ये १८ आरोपींवर खटला चालला. १४ जणांना मृत्युदंड ठोठावण्यात आला आणि त्यांपैकी १३ जणांना फेब्रुवारी १९४८ मध्ये फाशी देण्यात आली.

फ्रान्समधील ल पॅरादी या खेड्यात २७ मे, १९४० रोजी शरण आलेल्या रॉयल नॉरफोक रेजिमेंटच्या ९७ सैनिकांना एस.एस.च्या तुकडीने एका कोठारासमोर उभे करून यंत्रबंदुकांनी ठार केले होते. या हत्याकांडातून केवळ दोन सैनिक जिवंत वाचले. त्यांपैकी अल्बर्ट पूली यांनी सुटकेनंतर सांगितलेल्या हकिकतीवर आरंभी कोणी विश्वास ठेवला नव्हता. स्कॉटलंड यांच्या पथकाने या घटनेचा माग काढला आणि तुकडीचा प्रमुख फ्रिट्झ क्नोखलाइन याला लंडन केजमध्ये आणले. १९४८ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. जानेवारी १९४९ मध्ये त्याला फाशी झाली.

सर्वच तपास असे तडीस गेले नाहीत. ल पॅरादीच्या दुसऱ्याच दिवशी वोर्महूट येथे सुमारे ८० ब्रिटिश व फ्रेंच कैद्यांची हत्या झाली होती. स्कॉटलंड यांच्या तपासात संशयाची सुई एस.एस. अधिकारी विल्हेल्म मोंके याच्याकडे वळली. परंतु मोंके सोव्हिएत संघाच्या कैदेत होता आणि त्याच्यावर खटला कधीच चालला नाही.

फील्ड मार्शल आल्बर्ट केसेलरिंग यांचीही चौकशी लंडन केजमध्ये झाली. इटलीतील नागरिकांच्या हत्यांबद्दल १९४७ साली व्हेनिस येथील ब्रिटिश लष्करी न्यायालयाने केसेलरिंग यांना मृत्युदंड दिला. पुढे ही शिक्षा जन्मठेपेत बदलण्यात आली. या निकालाविषयी स्कॉटलंड यांना शंका होती. इटलीतील जर्मन सैन्याची अधिकारव्यवस्था न्यायालयाला नीट समजली नाही, असे मत त्यांनी नंतर जाहीरपणे मांडले.

छळाचे आरोप

लंडन केजमध्ये छळ होतो, हा आरोप न्यायालयात प्रथम ठळकपणे पुढे आला तो सागान खटल्याच्या वेळी. उपासमार, झोपू न देणे, मारहाण अशा मार्गांनी आपल्याकडून कबुलीजबाब घेतले गेले, असे काही आरोपींनी सांगितले. साक्षीसाठी उभे राहिलेल्या स्कॉटलंड यांनी हे आरोप फेटाळले आणि न्यायालयाने जबाब ग्राह्य धरले.

क्नोखलाइन याने दिलेली लेखी तक्रार सर्वाधिक सविस्तर होती. आपल्याला चार दिवस व रात्री झोपू दिले नाही, तासन्‌तास लहानशा वर्तुळात चालायला लावले, जिन्यावरून ढकलले, दंडुक्याने मारले, थंड पाण्याखाली उभे केले आणि जड ओंडके घेऊन पळायला लावले, असे त्याने नमूद केले होते. मृत्युदंड टाळण्यासाठी केलेला हा बनाव आहे, असे स्कॉटलंड यांचे म्हणणे होते. लष्कराने तक्रारीचा तपास करण्याचा विचार केला, परंतु त्यासाठी शिक्षेची अंमलबजावणी लांबवावी लागली असती, म्हणून तो सोडून दिला. जवळपास शंभर निःशस्त्र कैद्यांसमोर बंदुका रोखणाऱ्या माणसाची तक्रार ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत त्या वेळी फारसे कोणी नव्हते.

आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसला युद्धकैद्यांच्या सर्व केंद्रांची पाहणी करण्याचा अधिकार होता, परंतु लंडन केजचे नाव त्यांना दिलेल्या यादीत नव्हते. १९४६ साली हे नाव त्यांच्या नजरेस आले आणि मार्च महिन्यात रेड क्रॉसचा निरीक्षक केन्सिंग्टनला पोहोचला. त्याला दोन वेळा दारातूनच परत पाठवण्यात आले. येथील कैदी एकतर नागरिक आहेत किंवा सैन्यातील गुन्हेगार आहेत, त्यामुळे जिनिव्हा कराराचे संरक्षण त्यांना लागू होत नाही, अशी भूमिका स्कॉटलंड यांनी वरिष्ठांकडे मांडली. मात्र या कैद्यांचा गुन्हा तेव्हा कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नव्हता. १९४८ मध्ये हे केंद्र बंद करण्यात आले.

आत्मकथन आणि सेन्सॉर

निवृत्तीनंतर स्कॉटलंड यांनी आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले आणि १९५० साली त्याचे हस्तलिखित परवानगीसाठी युद्ध खात्याकडे पाठवले. ते वाचून खात्यात खळबळ उडाली. छळाचे आरोप इतकी वर्षे नाकारणाऱ्या अधिकाऱ्यानेच त्यात अशा गोष्टी लिहिल्या होत्या की एम.आय. ५ च्या कायदेशीर सल्लागाराने जिनिव्हा कराराच्या उल्लंघनांची यादीच तयार केली. कैद्यांना गुडघे टेकायला लावून डोक्यावर मारणे, एकाच जागी २६ तासांपर्यंत ताठ उभे करणे, देहदंडाची धमकी देणे आणि अनावश्यक शस्त्रक्रिया करण्याची भीती घालणे यांचा त्या यादीत समावेश होता.

हे पुस्तक प्रसिद्ध झाल्यास युद्धगुन्हेगारांच्या सुटकेसाठी चळवळ करणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल, अशी भीती परराष्ट्र खात्याला वाटली. स्कॉटलंड यांना शासकीय गुपिते कायद्याखाली खटला भरण्याची धमकी देण्यात आली. पोलिसांच्या विशेष शाखेने त्यांच्या घराची झडती घेतली. दीर्घ वाटाघाटींनंतर आक्षेपार्ह मजकूर गाळून 'द लंडन केज' या नावाने ते पुस्तक १९५७ साली प्रकाशित झाले. गाळलेल्या मजकुराची कागदपत्रे मात्र ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जमा झाली.

लोकप्रिय माध्यमांत

एका खटल्यात साक्ष देताना स्कॉटलंड यांनी आपण पूर्वी जर्मन सैन्यात काम केल्याचे सांगितले होते. त्यावरून ते दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनानीचा वेश घेऊन बर्लिनमध्ये हेरगिरी करीत होते, अशी वदंता पसरली. वस्तुतः त्यांची जर्मन सैन्यातील सेवा आफ्रिकेतील वसाहतीपुरती आणि चार दशकांपूर्वीची होती. या वदंतेच्या आधारे १९५८ साली 'द टू-हेडेड स्पाय' हा चित्रपट निघाला. आंद्रे द तोत यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात जॅक हॉकिन्स यांनी जनरल शॉटलांड ही भूमिका केली. चित्रपटातील कथानक बहुतांशी काल्पनिक आहे.

मृत्यू आणि मूल्यमापन

३ जुलै, १९६५ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी स्कॉटलंड यांचे निधन झाले. त्यानंतर चार दशके लंडन केज हे नाव लोकांच्या विस्मरणात गेले होते. २००५ साली पत्रकार इयन कोबेन यांनी अभिलेखागारातील कागदपत्रांच्या आधारे 'द गार्डियन' या वृत्तपत्रात या केंद्राविषयी लेख प्रसिद्ध केला आणि हा विषय पुन्हा चर्चेत आला. २०१७ साली इतिहासकार हेलन फ्राय यांचे या केंद्रावरील पुस्तक प्रकाशित झाले.

स्कॉटलंड यांच्या कामाविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. त्यांच्या चिकाटीवाचून ल पॅरादीसारखी प्रकरणे कदाचित न्यायालयापर्यंत पोहोचलीच नसती, हे सर्वसाधारणपणे मान्य केले जाते. दुसरीकडे, युद्धकैद्यांना कायद्याबाहेर वागवल्याबद्दल ज्यांना शिक्षा द्यायची, त्यांच्याविरुद्धचा पुरावा गोळा करताना तोच कायदा मोडला गेला, ही विसंगती टीकाकार दाखवून देतात. मारहाणीने मिळालेली माहिती कितपत विश्वासार्ह असते, हा प्रश्नही या संदर्भात उपस्थित केला जातो. त्याच युद्धात, त्याच देशाच्या इतर केंद्रांनी ध्वनिग्राहकांच्या आणि संयमाच्या बळावर मोठे यश मिळवले होते, याकडेही लक्ष वेधले जाते. युद्धोत्तर काळात मात्र ती केंद्रेही निष्कलंक राहिली नाहीत. जर्मनीतील बाड नेनडॉर्फ येथील ब्रिटिश चौकशी केंद्रात कैद्यांची उपासमार व छळ झाल्याचे १९४७ साली उघडकीस आले. त्या केंद्राचे प्रमुख कॅम्प ०२० चे रॉबिन स्टीव्हन्स हेच होते. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. स्कॉटलंड यांच्यावर असा कोणताही खटला कधी भरला गेला नाही.